फूल आणि दोन पाने : पेडणे-डिचोलीतील अल्पमताचा इतिहास

तेरेखोल नदीच्या अलीकडच्या तीरावरून पेडणे दिसते आणि दोडामार्गाच्या वळणावरून डिचोली. या दोन तालुक्यांशी आमचे नाते नकाशापेक्षा जुने आहे. आमच्या मुली तिकडे नांदायला जातात, तिकडचे दशावतारी नाटक आमच्या जत्रेत रात्रभर चालते, आणि आरोंद्याच्या बाजारात कोण गोव्याचा आणि कोण सिंधुदुर्गचा हे बोलण्यावरून सहज ओळखता येत नाही. त्यामुळे गोव्याच्या भाषावादावर आम्ही सीमेपलीकडचे मराठी लोक जेव्हा लिहितो, तेव्हा पेडणे आणि डिचोली ही आमची हक्काची उदाहरणे असतात. ‘पाहा, हे तालुके कायम मराठीचेच राहिले,’ असे आम्ही अभिमानाने सांगतो. ते खोटे नाही. परंतु हे वाक्य उच्चारताना त्या तालुक्यांतील काही माणसे आम्ही नकळत वगळतो. या लेखाचा विषय ती माणसे आहेत. आणि त्यांच्याबरोबरच, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला नेमक्या उलट कारणासाठी वगळली गेलेली माणसेही.

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. पोर्तुगीज सत्तेखालचा गोवा एकाच वेळी तयार झाला नाही. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेल्या. १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालय, देवळांचा विध्वंस आणि १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापरावर आलेली बंदी हे सारे या जुन्या काबिजादींनी सोसले. पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले, आणि डिचोली त्याच दशकाच्या आरंभी. तोपर्यंत पोर्तुगिजांचा धर्मप्रसाराचा आवेश ओसरला होता. म्हणून नव्या काबिजादींत देवळे राहिली, कीर्तन-भजन राहिले आणि त्यांच्यासोबत मराठी पोथीही राहिली. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला. तेथील शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. घरात बोलायची ती बोली आणि देवापुढे, शाळेत, पत्रात वापरायची ती मराठी, अशी दुहेरी व्यवस्था येथे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही मनात खळ न आणता चालली होती. आपण कोकणी की मराठी, हा प्रश्न पेडण्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारलाच नव्हता.

तो प्रश्न गोवा मुक्त झाल्यावर विचारला गेला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्या निःशस्त्र जमावात मराठी बोलणारा कोण आणि कोकणी बोलणारा कोण, याची गणती कोणी केली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा स्वतंत्र झाला, आणि दोन वर्षांच्या आत ती गणती सुरू झाली. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष हे दोन गट समोरासमोर आले. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मधली जागा पहिल्याच निवडणुकीत नाहीशी झाली.

येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण पुढच्या साऱ्या कटुतेचे मूळ आम्हाला येथे दिसते. त्या काळी गोव्यापुढे खरे तर चार वेगवेगळे प्रश्न होते. गोवा महाराष्ट्रात जावा की स्वतंत्र राहावा, हा राज्याचा प्रश्न. कारभाराची आणि शिक्षणाची भाषा कोणती, हा भाषेचा प्रश्न. भाटकाराच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला आणि त्याच्याच भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण मिळणार की नाही, हा जमिनीचा प्रश्न. आणि हिंदू बहुजन, हिंदू उच्चवर्णीय व ख्रिस्ती यांच्यात सत्तेची वाटणी कशी व्हायची, हा समाजाचा प्रश्न. हे चारही प्रश्न स्वतंत्र होते. विलीनीकरण नको, पण कूळकायदा हवा, असे एखाद्याला वाटू शकत होते. मराठीवर जीव आहे, पण राजधानी पणजीच हवी, असेही वाटू शकत होते. कोकणी हीच आपली भाषा आणि तरीही महाराष्ट्राशी जोडले जाण्यात गोव्याचे हित आहे, असे म्हणणाराही वेडा ठरत नव्हता.

पण पक्षांनी या चार प्रश्नांची एकच मोट बांधली. एका बाजूला विलीनीकरण, मराठी, कुळांचा हक्क आणि बहुजन समाज. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र गोवा, कोकणी, जमीनदार आणि ख्रिस्ती. वस्तुस्थिती इतकी सरळ कधीच नव्हती, परंतु प्रचाराला सरळ रेषा लागते. मोट बांधली गेल्यावर एका प्रश्नावर जरी तुम्ही गावाहून वेगळे बोललात, तरी उरलेल्या तिन्ही प्रश्नांवर तुम्ही शत्रूच्या गोटात आहात असे धरले जाऊ लागले. पेडण्यात ‘गोवा वेगळा राहू द्या’ म्हणणारा माणूस त्या क्षणी भाटकाराचा हस्तक ठरे. साष्टीत ‘विलीनीकरणाचा विचार करायला हरकत काय’ असे विचारणारा गोव्याचा वैरी ठरे. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्याआधीच त्यांच्यावर शिक्का बसत असे.

मगो पक्षाला पेडणे, डिचोली आणि सत्तरीसारख्या भागांत मिळालेला पाठिंबा केवळ भाषेचा नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. भाऊसाहेब स्वतः पेडण्याचे. त्यांच्या राजवटीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, १९६४ साली शेतजमिनीचा कूळकायदा झाला, आणि पुढे १९७५ साली, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकारांना निष्कासनापासून संरक्षण देणारा कायदा झाला. ज्याच्या घरात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली, त्याच्यासाठी मराठी म्हणजे सन्मान होता. ‘पेडणेकरांना भुलवले गेले’ असे जे आजही काही जण म्हणतात, ते या कष्टकऱ्यांच्या शहाणपणाचा अपमान करतात. त्यांनी आपले हित ओळखूनच कौल दिला होता.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. त्यासाठी संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये कायदा केला, आणि प्रशासन निःपक्षपाती राहावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला. विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेशाला दोन पाने, अशी चिन्हे होती. सुमारे ८२ टक्के मतदारांनी मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. नव्या काबिजादींचा कल सर्वसाधारणपणे फुलाकडे राहिला आणि जुन्या काबिजादींचा दोन पानांकडे.

या आकड्यांचे दोन अर्थ लावले जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत. एक अर्थ असा की ‘गोव्याने’ विलीनीकरण नाकारले. निर्णय म्हणून हे पूर्णपणे खरे आहे, आणि लोकशाहीत तो मान्य करणे हेच योग्य. परंतु १,३८,१७० माणसे गोव्याबाहेरची नव्हती. तीही गोवेकरच होती. विजयोत्सवाच्या भाषेत मात्र ती ‘गोव्याची अस्मिता विकायला निघालेली’ माणसे झाली. कोकणीवादी हा दिवस ‘अस्मिताय दीस’ म्हणून साजरा करतात. त्या उत्सवात पेडण्याच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने कोणत्या नात्याने उभे राहावे, याचा विचार क्वचितच होतो. दुसरा अर्थ आमच्या बाजूचा : पेडणे-डिचोली ‘आमच्यासोबत’ होते. परंतु कल म्हणजे एकमत नव्हे. या तालुक्यांतही दोन पानांना मत देणारी माणसे होती. मतपत्रिका गुप्त होती म्हणूनच ती तसे मत देऊ शकली. गावाच्या चव्हाट्यावर ते मत उच्चारणे ही वेगळी गोष्ट होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्याने मगो पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवले. विरोधी मतांच्या विभागणीचा त्यात वाटा होता, हे मान्य केले तरी एवढे स्पष्ट होते की राज्याचा प्रश्न आणि राज्यकर्त्यांचा प्रश्न हे एक नव्हते. जी मोट पक्षांनी बांधली होती ती मतदाराने अडीच महिन्यांत सोडून दाखवली. दुर्दैवाने पुढाऱ्यांनी आणि आम्हा लेखणीवाल्यांनी ती पुन्हा बांधली.

या काळात सर्वांत अवघड अवस्था झाली ती दोन्ही भाषांत पाय असलेल्या माणसांची. विलीनीकरणाविरुद्धची मोहीम ज्या दैनिकाने हिरिरीने चालवली, ते मडगावचे ‘राष्ट्रमत’ मराठी दैनिक होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर मराठीतच प्रसिद्ध होत असे. म्हणजे गोव्याने महाराष्ट्रात जाऊ नये, हा युक्तिवाद गोवेकरांनी मराठीत वाचला आणि मराठीतून स्वीकारला! मराठी ही एका राजकीय मताची मालमत्ता नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? बाकीबाब बोरकर आयुष्यभर मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांत कविता लिहीत राहिले. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथाकार म्हणून नावारूपाला आले आणि नंतर कोकणीकडे वळले. महाराष्ट्रात जन्मलेले काकासाहेब कालेलकर कोकणीच्या बाजूने उभे राहिले. अशा माणसांना दोन्ही गोटांत विचारणा होई : ‘तुम्ही नेमके कोणाचे?’ ज्याला एकच भाषा येते त्याच्यावर असा प्रश्न झेलण्याची वेळ येत नाही. ज्याला दोन घरे आहेत त्यालाच तो ऐकावा लागतो.

जर्मन अभ्यासिका एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली एक सिद्धांत मांडला. आपले मत अल्पमतात आहे असे ज्याला वाटते, तो एकटे पडण्याच्या भीतीने गप्प होतो. तो गप्प झाल्यामुळे ते मत आहे त्याहूनही दुबळे दिसू लागते, आणि त्यामुळे आणखी माणसे गप्प होतात. मौनाचे हे चक्र गोव्याच्या खेड्यांत त्याआधीच फिरू लागले होते. गावात सारे एकमेकांना ओळखतात. देवळाचे मानकरी, पंचायतीचे पंच, शाळेचे गुरुजी आणि दुकानदार यांच्यापासून लपून राहता येत नाही. अशा ठिकाणी बहुमताला कायदा करावा लागत नाही. भजनाच्या बैठकीचे आमंत्रण यायचे थांबले, एवढी शिक्षा पुरेशी असते.

चाक पुढे उलटे फिरले. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. जुलै १९८५ मध्ये भेंब्रे यांनी विधानसभेत मांडलेले कोकणी राजभाषेचे खासगी विधेयक फेटाळले गेले आणि आंदोलन पेटले. डिसेंबर १९८६ मध्ये त्याने हिंसक वळण घेतले, माणसे मारली गेली, आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली. मराठीचा वापर शासकीय कामासाठी करता येईल, अशी तरतूद त्यासोबत आली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाला. पेडणे-डिचोलीत जे मत कालपर्यंत सर्वांचे मत म्हणून मिरवत होते, ते राज्याच्या पातळीवर अल्पमत झाले. गावात बहुमताचा माज आणि राजधानीत अल्पमताची व्यथा, असे दोन्ही अनुभव एकाच माणसाच्या वाट्याला आले.

या कायद्याने आणखी एक अल्पमत निर्माण केले, ज्याच्याकडे आम्ही मराठी लोक सहसा पाहत नाही. कोकणीच्या आंदोलनात रोमी लिपीत कोकणी लिहिणारा-वाचणारा ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने उतरला होता. तियात्र, नियतकालिके, चर्चमधील प्रार्थना, कादंबऱ्या, सारे त्याच लिपीत होते. कायद्याने मान्यता मात्र फक्त देवनागरीला दिली. ज्यांच्या बळावर लढा जिंकला, तेच विजयानंतर दाराबाहेर उरले. आणि त्यांनी तक्रार केली, तेव्हा त्यांनाही ‘फूट पाडणारे’ म्हटले गेले. जिंकलेला गट आपल्यातलाच वेगळा आवाज कसा बाजूला सारतो, याचे हे शिकण्याजोगे उदाहरण आहे.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे ६६ टक्के लोकांची मातृभाषा कोकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांची मराठी अशी नोंद झाली. कोकणीवादी या आकड्यांनी मराठीचा दावा निकालात निघाला असे मानतात, आणि आमच्यापैकी काही जण आकडेच खोटे ठरवतात. आम्हाला तिसरा अर्थ अधिक योग्य वाटतो. घरातली बोली कोकणी म्हणून नोंदवणारा आणि वर्तमानपत्र, आरती, नाटक मराठीत अनुभवणारा माणूस गोव्यात आहे. जनगणनेच्या एका रकान्यात तो मावत नाही, आणि राजकीय पक्षांच्या दोन गोटांतही नाही.

तो माणूस २०११ साली पुन्हा एकदा दिसला. तत्कालीन सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात शशिकलाताई काकोडकर होत्या आणि उदय भेंब्रेही होते. वीस-पंचवीस वर्षे ज्यांची नावे परस्परविरोधी घोषणांत घेतली गेली, ते एका व्यासपीठावर बसले. ज्या माणसांना पूर्वी ‘दोन्हीकडचे’ म्हणून हिणवले जाई, त्यांचेच म्हणणे अखेर दोन्ही बाजूंना मान्य करावे लागले : कोकणी आणि मराठी यांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले आहे. एवढे कळायला एक पिढी खर्ची पडली.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी सीमाभागातील आमच्याच एका भाषाविषयक सभेत पेडण्याहून आलेले एक वृद्ध शिक्षक बोलायला उभे राहिले. जन्मभर मराठी शिकवलेले गृहस्थ. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले की १९६७ साली आपण दोन पानांना मत दिले होते, आणि आजही त्याचा पश्चात्ताप नाही. सभेत हुर्यो उठली. मागच्या रांगेतून कोणी ‘फितूर’ असा शब्द फेकला. गुरुजी वाक्य अर्धवट टाकून खाली बसले. आम्ही व्यासपीठावर होतो आणि आम्ही काही बोललो नाही. सभा संपल्यावर त्यांना शोधले, तर ते परतीच्या बसने निघून गेले होते. नंतरच्या सभांना त्यांना निमंत्रण गेले नाही. ते मुद्दाम टाळले असे नाही. ते नाव यादीतून आपोआप गळले. माणसे अशीच गळतात.

ही गोष्ट आम्हाला विशेष टोचते, कारण आम्ही सीमाभागातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारचा मराठी माणूस सांगत आला आहे की अल्पमतात असणे म्हणजे अपराधी असणे नव्हे. २००५ साली बेळगावच्या महापौरांच्या तोंडाला बेंगळुरूत काळे फासले गेले, तेव्हा आम्ही साऱ्या देशाला विचारले की आपले मत सनदशीर मार्गाने मांडणाऱ्या लोकप्रतिनिधीला ही वागणूक कशी? प्रश्न बरोबर होता. पण तोच प्रश्न आमच्या सभेतल्या त्या गुरुजींच्या वतीने कोणी विचारायचा? बेळगावात आम्हाला जे हवे आहे, ते पेडण्यात दुसऱ्याला नाकारले, तर आमची मागणी न्यायाची राहत नाही; ती केवळ आमच्या संख्येची मागणी होते. आणि संख्येच्या हिशेबात बेळगावचा मराठी माणूस कधीच हरलेला आहे.

याचा अर्थ आम्ही आमचे मत सोडले असा नाही. गोव्यात मराठीला राजभाषेचे समान स्थान मिळाले पाहिजे, असे आम्ही आजही मानतो आणि त्यासाठी लिहीत राहू. पेडणे-डिचोलीच्या शाळांतून, देवळांतून आणि रंगमंचावरून मराठी ज्या निष्ठेने जपली गेली, तिचा आम्हाला अभिमान आहे. परंतु या तालुक्यांचा इतिहास सांगताना यापुढे तो पूर्ण सांगावा, एवढाच आमचा आग्रह आहे. फुलाला मत देणारा शेतकरी मूर्ख नव्हता आणि दोन पानांना मत देणारा शिक्षक फितूर नव्हता. दोघेही त्याच देवळाच्या सभामंडपात बसून तेच दशावतारी नाटक पाहत होते आणि पहाटे एकाच वाटेने घरी जात होते.

सीमेपलीकडच्या आमच्या वाचकांनी आपल्या गावातील अशा माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात. १९६७ साली मतदान केलेली पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्याकडे जा, त्यांनी कोणत्या चिन्हाला मत दिले ते विचारू नका. ते का दिले, आणि नंतर गावात काय सोसले, ते विचारा. उत्तर कोकणीत आले तर कोकणीत लिहून घ्या. आमच्या त्या गुरुजींचे अर्धवट राहिलेले वाक्य कदाचित त्यातून पूर्ण होईल.